सॅम्पल डेटातला नवरदेव

इथे येणारे सगळे अनुभव मी न चुकता वाचते. चकवा, हडळ, रिकाम्या घरात वाजणारी पैंजणं... वाचते आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात प्रत्येकातला बग शोधत बसते. पाण्याचा पाइप वाजला असेल, मांजर असेल, जेवण जड झालं असेल. माझा धंदाच तो. सॉफ्टवेअरमध्ये अर्धं आयुष्य काढलं की "आपोआप झालं" ह्या वाक्यावरचा विश्वास उडतो. आपोआप काही होत नाही हो. कुणीतरी काहीतरी टाइप केलेलं असतं.

आता गंमत अशी, की ह्या प्रकरणात ते टाइप करणारी मीच होते. तरीही मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. घाबरण्यासारखं काही नाही, जेवताना वाचलंत तरी चालेल.

सत्त्याण्णव साल. पनवेलला लाईन आळीत एका कापडाच्या दुकानाच्या वर माझ्या भावाचा, नंदूदादाचा, कॉम्प्युटर क्लास होता. सकाळ-संध्याकाळ विद्यार्थी, दुपारी आम्ही दोघं सॉफ्टवेअर बनवायचो. मी नुकतीच डिप्लोमा करून आले होते आणि मला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. चपला बाहेर काढून आत यायचं, मॉनिटरवर प्लॅस्टिकचं कव्हर, दसऱ्याला सीपीयूला झेंडूचा हार – त्या काळी जसं सगळीकडे होतं तसंच आमच्याकडे.

आमचं पहिलं मोठं काम आणलं जोगळेकर काकूंनी. काकू शाळेतून रिटायर झालेल्या आणि टपाल नाक्याजवळ घरीच वधूवर सूचक केंद्र चालवायच्या. पेटाऱ्यात हजारेक कार्डं. एका स्थळाची माहिती दुसऱ्याला दाखवायची तर अख्खा पेटारा उपसायचा. काकू म्हणाल्या, "नंदू, मला असं कर की मुलीचं नाव टाकलं की जुळणारी मुलं खाली आली पाहिजेत. उंची, वय, शिक्षण, पत्रिका... सगळं बघून. आणि मराठीत हं! मला तुमचं ते येस-नो नको."

व्हिज्युअल बेसिकमध्ये आम्ही ते लिहायला घेतलं आणि मग काय विचारता. ज्यांनी तेव्हा डेस्कटॉपची सॉफ्टवेअरं बनवली असतील त्यांना कळेल. आमच्या मॉनिटरवर झोकात दिसणारा फॉर्म काकूंच्या मॉनिटरवर मावेचना. 'जतन करा'चं बटण पडद्याच्या खाली गडप. काकू दोन दिवस माहिती भरत होत्या आणि ती कुठेच साठत नव्हती. त्यांच्या मशीनवर तारीख अमेरिकन पद्धतीची, आधी महिना मग दिवस. त्यामुळे पाच एप्रिलचा मुलगा चार मेचा झाला आणि त्याची रास बदलली. "अगं, मेषेचा वृषभ केलास तू त्याचा!" म्हणून काकूंनी मला भर बाजारात झापलं होतं.

पण सगळ्यात छळलं ते 'ठ' ह्या अक्षरानं. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे आतून इंग्रजीच, वरून फक्त मराठीचा मुखवटा. आमच्या फॉन्टमध्ये ठ बसवला होता नेमका इंग्रजी अवतरणचिन्हाच्या जागी. आणि डेटाबेसला ते चिन्ह दिसलं की वाटायचं, संपलं नाव! पुढचं त्याला कळेनासं व्हायचं आणि प्रोग्रॅम आडवा. साठे आले की आडवा, विठ्ठल आले की आडवा. "काय गं हे, पांडुरंगाचं पण वावडं?" असं काकूंनी विचारल्यावर दादा माझ्याकडे बघून टेबलाखाली हसत होता.

तर हे सगळे बग एकाच फटक्यात तपासता यावेत म्हणून मी एक सॅम्पल मुलगा बनवला. हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं. जी माहिती भरली तर प्रोग्रॅम कोलमडेल अशी शोधून शोधून भरायची. प्रत्येक रकान्यात वाकडं काहीतरी. नावात जास्तीत जास्त ठ हवेत म्हणून श्रीकंठ विठ्ठल आठल्ये. जन्मतारीख २९ फेब्रुवारी, लीप वर्षाचा हिशेब चुकतो का बघायला. जन्मवेळ बरोबर मध्यरात्र, कारण ती वेळ कॉम्प्युटरच्या लेखी शून्य आणि शून्य म्हणजे "काही भरलंच नाही" असं तो समजतो का ते बघायचं होतं. उंची सहा फूट चार इंच, यादीतली शेवटची. 'पत्रिका बघणार का' ह्यापुढे 'नाही'. बहिणी नऊ, कारण त्या रकान्यात एकच आकडा मावायचा. व्यवसायाच्या यादीत शेवटी 'इतर' होतं, तिथे लिहिलं 'हार्मोनियम दुरुस्ती'. गाव आपटा, कारण खिडकीतून खाली बघितलं तेव्हा एसटीच्या पाटीवर तेच होतं. त्या गावी मी उभ्या जन्मात गेले नव्हते.

राहिला 'अपेक्षा' हा मोठा रकाना. तो गच्च भरायचा होता, म्हणून मी सुचेल ते ठोकत गेले – "मुलगी गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष नसली तरी चालेल. पोहे तिने केले की तिच्या आईने हे मी विचारणार नाही. माझ्या विनोदांना हसलीच पाहिजे असं नाही, पण रडू नये. बहिणींची नावं लगेच पाठ झाली नाहीत तर मी हळूच प्रॉम्प्टिंग करेन. आणि एक शेवटची अट म्हणजे मुलीने मला कधीही" – इथे रकाना भरला आणि अक्षरं उमटायची थांबली. माझं काम झालं होतं. पुढे काय लिहिणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

सॉफ्टवेअर द्यायच्या आदल्या दिवशी मी श्रीकंठरावांना डिलीट केलं. "रेकॉर्ड काढून टाकले आहे" असा ठसठशीत मेसेजही आला. मी निर्धास्त.

पण काढून टाकायचा तो कोड दादानं लिहिलेला. आणि दादाची एक लाडकी ओळ होती, जी तो जिथे तिथे टाकायचा. तिचा साधा अर्थ असा – एरर आली तर लक्ष देऊ नकोस, पुढे चल. दादाचं सगळं आयुष्यच ह्या तत्त्वावर चाललेलं आहे, तो भाग वेगळा. ठ चा बग मी सगळीकडे दुरुस्त केला होता, फक्त ह्या एका जागी राहिला होता. त्यामुळे डिलीट करताना ठ आला, एरर आली, दादाच्या ओळीनं ती गिळली, आणि प्रोग्रॅमनं बिनदिक्कत सांगितलं की झालं काम. श्रीकंठ विठ्ठल आठल्ये होते तिथेच राहिले आणि काकूंच्या घरी रवाना झाले.

इथपर्यंत सगळ्याला कारण आहे. लक्षात ठेवा, इथपर्यंतच.

पंधरा दिवसांनी काकू क्लासमध्ये आल्या त्या पेढे घेऊनच. त्यांची भाची मेधा त्यांच्याकडेच लहानाची मोठी झालेली. मी तिला मेधाताई म्हणायचे. एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. वय तेहतीस, उंची पाच फूट नऊ आणि पत्रिकेत कडक मंगळ. म्हणजे लग्नाच्या बाजारात तिहेरी संकट. उंच मुलं पत्रिकेवर अडायची आणि पत्रिका न बघणारी तिच्या खांद्याला लागायची. काकूंनी शेकड्यानं लग्नं जुळवली आणि घरातली मुलगी मात्र... वर्षभरापूर्वी मेधाताईनं हात जोडून सांगितलं होतं, "मावशी, आता पुरे. मला परत कुणासमोर बसवू नकोस." तेव्हापासून काकू तिच्यासमोर लग्न हा शब्द काढत नव्हत्या.

"आणि काल," काकू पेढ्यांचा पुडा उघडत म्हणाल्या, "काल मी तिचं नाव टाकलं कॉम्प्युटरात. सहज. एकच नाव खाली आलं गं! सहा फूट चार. पत्रिका बघत नाही. कागद छापून तिच्या ताटाशेजारी ठेवला, काही बोलले नाही. तर वाचता वाचता ही हसायला लागली. म्हणाली, ह्याला भेटायला माझी हरकत नाही. अनघा, तुमच्या सॉफ्टवेअरला सोन्याचं कडं घातलं पाहिजे!"

"कोण मुलगा?" मी पेढा खात विचारलं.

"आपट्याचा आहे. आठल्ये."

पेढा माझ्या घशातच अडकला. दादानं पाठीत रट्टे घातले. काकूंना वाटलं आनंदानं ठसका लागला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्या बाईचा चेहरा बघून मला ते जमेचना. "मी पत्रसुद्धा टाकलं आजच," म्हणून काकू गेल्या.

काकूंच्या गल्लीत भाजी विकायला आपट्याकडची एक मावशी यायची. मी बुडत्याला काडीचा आधार म्हणून तिला गाठलं. "मावशी, तुमच्या गावात आठल्ये कोणी आहेत का हो?"

"आठल्ये?" तिनं कोथिंबिरीवर पाणी मारत विचार केला. "नाय बाय. आमच्याकरं आठल्ये कोन नाय. का गो, पैसं राहिलं हाईत त्याचं?"

झालं, तीही आशा संपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेधाताईच्या दवाखान्यात गेले. दादा म्हणाला होता, काकूंना सांगू की मुलाचं दुसरीकडे ठरलं, विषय मिटेल. मला ते पटेना. पुन्हा एकदा नकार आल्यासारखं झालं असतं तिला, तेही अस्तित्वात नसलेल्या माणसाकडून!

ती अंधाऱ्या खोलीतून ओली फिल्म हातात घेऊन बाहेर आली. मी एका दमात सगळं ओकले. ठ, लीप वर्ष, नऊ बहिणी, दादाची ओळ. "मेधाताई, तो माणूसच नाहीये गं. मी बनवलाय तो."

ती थोडा वेळ हातातली फिल्म उजेडाकडे धरून बघत राहिली. कुणाच्या तरी बरगड्या होत्या. मग म्हणाली, "म्हणजे ते पोह्यांचं तू लिहिलंस?"

"हो."

"आणि प्रॉम्प्टिंगचं?"

"हो गं... सॉरी."

"छान लिहिलंस," ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "मी ना अनघा, आजवर शंभर तरी मुलांच्या अपेक्षा वाचल्या असतील. वाचताना आपण तुकड्यातुकड्यानं कमी होत जातो. हे वाचताना पहिल्यांदा झालं नाही तसं. दोन दिवस बरे गेले माझे. जाऊ दे. मावशीला मी सांगते, तू नको सांगूस."

जिना उतरताना मी रडले. त्या दिवशी मला प्रोग्रॅमिंगचा खरोखर तिटकारा आला.

काकूंना तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. काकू क्लासकडे फिरकल्या नाहीत, फोनही नाही. मग रविवार उजाडला. सकाळी आम्ही घरी घावनं खात होतो आणि फोन वाजला. काकूंचा आवाज खाली आणलेला, जणू तोंडावर पदर धरून बोलत होत्या.

"अनघा, तुझा तो खोटा मुलगा इथे बसलाय. चहा पितोय."

मी आणि दादा स्कूटरवरून कसे पोचलो ते विचारू नका. दारात एवढाल्या वहाणा. आत खुर्चीत न मावणारा एक माणूस, गुडघे टेबलाच्या वर आलेले, आणि कपाळावर ताजं टेंगूळ. काकूंच्या दाराची चौकट लागली होती म्हणे. पायाशी कापडात गुंडाळलेला पेटीचा भाता.

"नमस्कार, मी श्रीकंठ आठल्ये," तो उठून म्हणाला आणि पंख्यापासून डोकं वाचवत परत बसला. "ह्यांचं पत्र आलं. पण मी नाव कुठे नोंदवलेलंच नाही हो. वाटलं, बहिणींपैकी कुणाचा तरी उद्योग. सगळ्यांना विचारलं, सगळ्या देवाशपथ नाही म्हणतात."

"किती बहिणी?" दादानं विचारलं. त्याचा आवाज चिरकला होता.

"नऊ. म्हणजे सख्ख्या दोनच, बाकी चुलत. पण एकाच घरात वाढलो, त्यामुळे आम्ही नऊच सांगतो."

मी खुर्ची ओढली आणि कोड तपासावा तसा एकेक रकाना तपासायला घेतला. जन्मतारीख? "एकोणतीस फेब्रुवारी. चार वर्षांनी एकदा वाढदिवस, खर्च कमी." वेळ? "तीच तर पंचाईत. बाराचे ठोके पडत होते. सुईण म्हणाली, आजचा लिहू की कालचा? त्यावरून आजोबा आणि गुरुजींचं भांडण झालं, आणि पत्रिका मांडायची राहिली ती राहिलीच." काम? त्यानं पायाशी असलेल्या भात्याकडे बोट दाखवलं. "पेट्या दुरुस्त करतो. सूर लावून देतो."

एकही रकाना चुकला नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी मला हसूही फुटत होतं.

तेवढ्यात भाजीवाली मावशी दारातून डोकावली आणि ओरडली, "अगो, ह्यो तं आमचा पेटीवाला मास्तर! आठल्ये काय, याचं आडनाव कोन घेतंय? पोस्टमनला पन मास्तर म्हनलं की कलतंय!"

मेधाताई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला अर्थातच वाटत होतं की ही माझी आणि दादाची सारवासारव, कुठून तरी एक लंबू पकडून आणलाय. ती पुढे आली, त्याच्यासमोर बसली आणि सरळ म्हणाली, "तुम्ही शेवटची अट सांगा."

मी चटकन तिच्याकडे बघितलं. काकूंनी त्याला फक्त मेधाताईची माहिती पाठवली होती. स्वतःच्या नावचा तो कागद त्यानं पाहिलेलाच नव्हता. आणि त्या कागदावरही वाक्य अर्धवटच होतं. उत्तर माझ्याकडे नव्हतं, कॉम्प्युटरकडे नव्हतं, कुणाकडेच नव्हतं.

"अट?" तो गोंधळला. कपाळावरचं टेंगूळ चोळत त्यानं विचार केला. "अट कसली... एवढंच, की मला कधीही नुसतं बरं वाटावं म्हणून छान म्हणू नये. पेटी बेसूर लागली तर बेसूर म्हणावं. घरात नऊजणी कौतुक करणाऱ्या आहेत, खरं सांगणारं कुणी नाही."

मेधाताई म्हणाली, "मग सांगते. तुमचा हा शर्ट अजिबात छान नाहीये."

तो माणूस असा गदगदून हसला की टेबलावरच्या बश्या वाजल्या. "धाकटीनं शिवलाय," तो म्हणाला. मेधाताईसुद्धा हसायला लागली, आणि ह्या वेळी तिचे डोळेही हसत होते. काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, कांदा चिरत होते. मात्र पोह्यात कांदा नव्हता.

वैशाखात आपट्याला लग्न झालं. नऊ करवल्या मांडवभर फिरत होत्या आणि मेधाताई कुणाचं नाव विसरली की श्रीकंठराव खरोखर तिच्या कानाशी वाकून प्रॉम्प्टिंग करत होते. ते बघून दादानं माझा दंड धरला तो अक्षता पडेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर आम्ही डोकं खाजवून पाहिलं. दादाचं म्हणणं, तू लहानपणी कुठेतरी त्यांचं नाव ऐकलं असशील. कुठे? आमच्या घरात पेटी नव्हती, आपट्यात नातलग नव्हते, त्यांची आमची गाठ नव्हती. आणि नाव ऐकलं असेल असं धरलं तरी जन्मवेळ कशी ऐकेन? बरं, ती माहिती मी आठवून लिहिलेली नव्हतीच. प्रोग्रॅम कुठे मोडेल ते बघून लिहिली होती. गणिताच्या एका प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, योगायोग. मी त्यांना विचारलं, किती मोठा? त्यांनी चहा मागवला.

आता एक रकाना मी अजून तुम्हाला सांगितलेला नाही. फॉर्मवर एक चौकोन होता, टिक करायचा – 'वडील हयात नाहीत'. तो चालतो का हे बघायला मी श्रीकंठ विठ्ठल आठल्येंच्या नावावर टिक केली होती. आणि लग्नात मुलाच्या बाजूनं विधींना काका बसले होते.

मंडळी, तुम्ही म्हणाल वेडी आहे. पण किती वर्षं ती एक टिक माझ्या छातीवर बसली होती. मेधाताईकडे जायचे, तिच्या मुलीला खेळवायचे, श्रीकंठरावांच्या हातची भजी खायचे, आणि विचारायचं धाडस व्हायचं नाही. कारण उत्तर जर "गेल्या वर्षीच गेले" असं आलं असतं, माझ्या टिकेनंतरचं आलं असतं, तर मी पुन्हा कीबोर्डला हात लावू शकले नसते.

शेवटी एकदा विचारलं. ते ओसरीवर पेटीच्या पट्ट्या पुसत होते. मी सगळं सांगितलं, त्या चौकोनासकट.

त्यांनी पेटी बाजूला ठेवली. "अगं वेडे," ते म्हणाले, "मी चार वर्षांचा होतो बाबा गेले तेव्हा. तू जन्मलीसुद्धा नव्हतीस."

मी ओसरीवर बसून ढसाढसा रडले. त्यांनी मला रडू दिलं, मेधाताईला चहा टाकायला सांगितला. मग पट्टीवरून फडकं फिरवत म्हणाले, "म्हणजे तू काही केलं नाहीस, हे नक्की. पण मग तुला कळलं कसं?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "नाही माहीत."